झिलईखालची रेघ

सिंगापूर नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी एम्प्रेस प्लेसची पांढरी, खांबांची इमारत आहे. १८६०च्या दशकात ती कैद्यांच्या मजुरीवर उभी राहिली. आज तिथे एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम आहे. तळमजल्यावर नदीच्या बाजूला चीनच्या तांग राजवटीच्या काळात बुडालेल्या जहाजाचं दालन आहे आणि मी सिंगापूरला आलो होतो ते त्या दालनासाठीच. आत शिरल्यावर सोन्याच्या पेल्याकडे किंवा चांदीच्या डब्यांकडे माझी नजर गेलीच नाही. समोर वाडगेच वाडगे होते. पिवळसर-मातकट रंगाचे, वीतभरापेक्षा लहान, एकाला एक लागून मांडलेले शेकडो वाडगे. प्रत्येकाच्या काठावर चार तपकिरी डाग आणि मधल्या चौकटीत कुंचल्याने काढलेलं एक चित्र.

१९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रकाकड्या गोळा करणाऱ्या पाणबुड्यांना उथळ पाण्यात हा माल लागला. मग दोन हंगामांत साठ हजारांच्या आसपास वस्तू वर काढल्या गेल्या. त्यांतल्या पंचावन्न हजारांहून अधिक वस्तू एकाच ठिकाणच्या होत्या: चीनच्या हूनान प्रांतात, छांगशा शहराजवळ श्यांग नदीच्या काठी भाजलेली झिलईची भांडी. ही पोर्सेलिन नव्हेत. पोर्सेलिनची माती पांढरी असते आणि पातळ भांड्यातून उजेड आरपार येतो. इथली माती करडी, जाडसर. पण सुमारे बाराशे अंशांच्या आगीत ती दगडासारखी घट्ट होते आणि पाणी पीत नाही. याला स्टोनवेअर म्हणतात. आपल्याकडे लोणच्याच्या जुन्या जाड बरण्या आणि सट ज्या जातकुळीचे, तीच ही जातकुळी.

मी एका वाडग्यासमोर उभा राहिलो. त्यावर एक पक्षी होता. पाठीची एक वळणदार रेघ, पंखाचे तीन फटकारे, चोचीसाठी एक टिंब. शेजारच्या वाडग्यात तोच पक्षी, पण त्याची मान जरा वर. त्याच्या पुढच्यात तो उडायला निघालेला. पुढे मासे, ढग, कमळ, डोंगर, वाऱ्याने वाकलेली पानं आणि अरबी अक्षरांसारखी दिसणारी वेलांटी. तोच तो विषय शेकडो वेळा काढलेला आणि तरी दोन वाडगे सारखे नाहीत. दारात रोज रांगोळी काढणाऱ्या बाईचा हात जसा न मोजता, न थांबता फिरतो, तसा हा हात फिरलेला दिसत होता. सरावाने आलेली अशी सहजता कारागिरीतली सर्वांत अवघड गोष्ट आहे. ती विकत मिळत नाही आणि घाईने शिकताही येत नाही.

एका वाडग्याच्या बाहेरच्या अंगावर भाजण्याआधीच कोरलेली तारीख आहे: बाओली राजवटीचं दुसरं वर्ष, सातव्या महिन्याचा सोळावा दिवस. म्हणजे इसवी सन ८२६. त्यामुळे जहाज त्यानंतर लवकरच निघालं असावं, असा अंदाज बांधता येतो. ते साल वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते आपल्याकडचं. त्या वर्षी दख्खनवर राष्ट्रकूट अमोघवर्षाचं राज्य होतं. वेरूळचं कैलास लेणं खोदून जेमतेम दोन पिढ्या झाल्या होत्या. ८५१ साली लिहिलेल्या चीन आणि हिंदविषयीच्या अरबी वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांमध्ये ‘बल्हारा’ची, म्हणजे राष्ट्रकूट राजाची गणना आहे आणि त्याच वृत्तांतात चिनी मातीच्या भांड्यांचं कौतुकही आहे. पुढे ९२६ सालच्या एका ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा मधुमती हा अरब अधिकारी दिसतो. हा ताम्रपट पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळच्या चिंचणीला सापडला. ज्या समुद्रावरून हे वाडगे निघाले होते, त्या समुद्राच्या व्यवहारात आपला किनारा पूर्णपणे सामील होता. हे जहाज कोकणच्या बंदरात येणार होतं असं कुठे लिहिलेलं नाही, पण ज्या जगात ते वावरत होतं ते जग आपलंही होतं.

जहाजही चिनी नव्हतं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्याने शिवलेल्या होत्या. ही पश्चिम हिंदी महासागराची रीत आणि लाकडात आफ्रिकेतलं अफ्झेलिया आढळलं. त्याच धर्तीवर ओमानमध्ये ‘ज्वेल ऑफ मस्कत’ हे शिवलेलं जहाज बांधलं गेलं आणि २०१० साली ते मस्कतहून कोचीमार्गे सिंगापूरपर्यंत आलं. अलीकडे गोव्यात बांधून २०२५ साली कारवारला भारतीय नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ही शिवलेलंच जहाज आहे. काथ्याच्या दोरीवर हजारो मैलांचा भरवसा ठेवणारी ही विद्या आपल्या किनाऱ्याला परकी नव्हती.

मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवलं ते एका मोठ्या, हिरव्या झिलईच्या रांजणाने. असे रांजण चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांगतुंग भागातले. त्यांवर नक्षी जवळजवळ नाही. खांद्यावर दोरी अडकवायला कान, अंगावर ओघळलेली हिरवट-करडी झिलई, बस्स. पण त्यांच्या पोटात छांगशाचे वाडगे एकात एक बसवून, गोल फिरवत रचलेले होते. एका रांजणात शंभराहून अधिक. बाहेर समुद्राचं पाणी, आत शेकडो चित्रं. बाराशे वर्षं पाण्याखाली राहूनही आतल्या कितीतरी वाडग्यांची झिलई शाबूत राहिली, ती या बिनचित्राच्या जाड भांड्यांमुळे. चित्राला आपण लगेच दाद देतो. चित्र सांभाळणाऱ्या रांजणालाही तेवढीच द्यायला हवी.

या सौंदर्यामागे एक दुखरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला पटत नाही. हे उत्खनन विद्यापीठाने केलेलं नव्हतं, एका व्यापारी कंपनीने केलेलं होतं. घाईत काढलेल्या वस्तूंबरोबर जहाजात काय कुठे होतं याची बरीच माहिती कायमची गेली, असा आक्षेप अनेक पुरातत्त्वज्ञांनी घेतला. त्यामुळेच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ठरलेलं प्रदर्शन २०११ मध्ये थांबवलं गेलं. दुसरी बाजूही खरी आहे: सिंगापूरने २००५ साली जवळजवळ सगळा संग्रह एकत्र विकत घेतला नसता, तर हे वाडगे जगभरच्या दिवाणखान्यांत विखुरले असते. मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवाव्यात. वाडगा बोलतो, पण तो कोणत्या रांजणात, कोणाच्या शेजारी होता हे सांगणारी जागा हरवली की त्याचं अर्धं बोलणं हरवतं.

सिंगापूरहून मी विमानाने छांगशाला गेलो. भांडी नदीने समुद्राकडे गेली होती. मी समुद्राकडून नदीकडे चाललो होतो.

छांगशात श्यांग नदी रुंद, मातकट, संथ आहे. ती उत्तरेकडे वाहते, तोंगथिंग सरोवराला मिळते, तिथून यांगत्से. भांड्यांनी भरलेल्या नावा याच पाण्यावरून निघत आणि यांगत्सेच्या खालच्या अंगाला असलेल्या यांगचौ बंदरापर्यंत जात. तिथे परदेशी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. नदीकाठी उभं राहिल्यावर या धंद्याचं गणित समजतं. माती इथलीच, लाकूड इथल्याच टेकड्यांवरचं आणि माल वाहायला नदी. फुटणाऱ्या मालाला बैलगाडीचा रस्ता म्हणजे काळ; पाणी मात्र भांड्याला हळुवार नेतं.

शहरातलं हूनान संग्रहालय लोकांना ठाऊक आहे ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या मावांगत्वीच्या थडग्यांमुळे. पण इथली छांगशा भांडी पाहताना मला सिंगापूरचं चित्र पुरं झाल्यासारखं वाटलं. इथे वाडग्यांपेक्षा सुरया अधिक लक्ष वेधतात. फुगीर पोट, रुंद मान, आखूड पैलूदार तोटी. तोटीखाली आणि दोन्ही कानांखाली साच्यातून काढलेले मातीचे ठसे चिकटवलेले: सिंह, जोडीचे पक्षी, नाचणारा माणूस, फळांचे घोस लटकलेलं खजुरासारखं झाड. ठशावर तपकिरी रंगाचा मोठा डाग आणि त्यावरून पिवळसर झिलई. डागाच्या आत उठावाचं चित्र उजेड बदलला की दिसतं आणि लपतं. ज्याने हे केलं त्याने स्वतः खजुराचं झाड पाहिलं असेल का, कोण जाणे. पण ते पाहिलेला कुणीतरी हे भांडं हातात घेणार आहे, हे त्याला ठाऊक होतं.

काही सुरयांवर कविता आहेत. तोटीच्या खाली, उभ्या ओळींत, घाईच्या पण मोकळ्या अक्षरात. अशा शंभराहून जास्त कविता आता माहीत आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पुढे राजाज्ञेने संकलित झालेल्या तांग काव्याच्या महासंग्रहात नाहीत. विरह, प्रवास, दारू, वसंत, घरची आठवण, वयाचं अंतर पडलेल्या दोघांचं प्रेम. दरबाराने जपलेलं काव्य ग्रंथांत राहिलं. बाजारात, खानावळीत, नावेवर म्हटलं जाणारं काव्य कुंभारांनी मातीवर उतरवलं आणि भट्टीने टिकवलं. काहींवर तर सरळ जाहिरात आहे: अमुक घराण्याच्या लहान तोंडाच्या सुरया जगात नावाजलेल्या. बेलितुंगच्या एका वाडग्यावरही शिचूच्या बाजारातल्या फान घराण्याची अशीच ओळख लिहिलेली आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या एका कुंभाराच्या घराण्याचं नाव आपल्याला कळतं, ते त्याने स्वतः लिहिलं म्हणून.

छांगशापासून नदीच्या प्रवाहाबरोबर उत्तरेला गेलं की वांगछंग भागात थोंगक्वान गाव येतं. इथेच त्या भट्ट्या होत्या; वाडग्यावरचं शिचू म्हणजे हाच परिसर. जुना रस्ता नदीला समांतर आहे, दोन्ही बाजूंना कुंभारांची दुकानं आणि भिंतींच्या बांधकामात मधूनमधून खापरं. कवी दू फू आपल्या अखेरच्या वर्षांत या परिसरातून नावेने जाताना वाऱ्यामुळे अडकला होता. त्याच्यानंतर शतकभराने हूनानच्याच ली छुन्यू या कवीने शिचूच्या भट्ट्यांवर कविता केली. भट्ट्यांच्या जाळावर त्या काळी कविता झाली खरी, पण चहाच्या वाडग्यांची प्रतवारी लावणाऱ्या लू यूने आपल्या चहावरच्या ग्रंथात यांचं नावही घेतलं नाही. त्याच्या यादीत पहिला मान पूर्व किनाऱ्याकडच्या युए भट्ट्यांच्या एकरंगी हिरव्या झिलईला. जाणकारांच्या यादीबाहेर राहिलेल्या या भट्ट्या पुढे विसरल्या गेल्या आणि १९५६ साली पाहणीत खापरांचे ढीग सापडले तेव्हा पुन्हा ओळखल्या गेल्या.

थानच्या टेकडीवर उतारावर खोदलेली एक भट्टी छपराखाली जतन केली आहे. तिला ड्रॅगन भट्टी म्हणतात. सुमारे चाळीस मीटर लांब, टेकडीच्या अंगावर आडवी पसरलेली लाल-काळी नळी. खाली तोंडाशी आग पेटवायची. उतार असल्यामुळे जाळ आपोआप वर चढतो, वेगळी चिमणी लागत नाही. मग कडेच्या भोकांतून टप्प्याटप्प्याने लाकूड टाकत आगीला वर न्यायचं. एका वेळी हजारो भांडी भाजून निघतात. भट्टीच्या भिंतीवर राखेने आपोआप चढलेली हिरवट झिलई अजून दिसते. झिलई म्हणजे मुळात लाकडाची राख आणि माती यांचं मिश्रण, आगीत काचेसारखं वितळलेलं; इथे भिंतही भांड्यासारखी चकाकते.

गावात एका वृद्ध कारागिराच्या कार्यशाळेत मला बसायला मिळालं. माझ्याबरोबरची दुभाषी मुलगी त्यांना आदराने ‘शीफू’ म्हणत होती. त्यांनी एक कच्चा वाडगा घेतला, भाजलेला नव्हे, नुसता सावलीत सुकलेला. कुंचला लोहयुक्त रंगात बुडवला आणि एका दमात पक्षी काढला. रेघ टेकताक्षणी मातीने पाणी शोषून घेतलं.

“खोडता येत नाही,” ते म्हणाले. “माती लगेच पिऊन टाकते.”

मी विचारलं, “मग इतकी साधी रेघ त्यासाठीच का?”

“तेवढ्यासाठी नाही. वरून झिलई येते. आगीत ती थोडी वाहते, रंगाला बरोबर नेते. बारीक बारीक काम केलं तर आगीत सगळं एक होतं. रेघ थोडी असावी, पण हाडाची असावी.”

या एका उत्तराने मला वाडग्यांची सगळी सजावट उलगडली. लोह तपकिरी देतं. तांबं मोकळ्या हवेत भाजलं तर हिरवं येतं आणि भट्टीत हवा कोंडली तर लाल. झिलई रंगाला झाकत नाही, त्याला काचेच्या थराखाली कायमचा बंद करते. जेवताना, धुताना, घासताना चित्र जात नाही. चित्र झिलईखाली ठेवण्याचं हे काम इतक्या मोठ्या प्रमाणावर आधी कुणी केलं नव्हतं. बेलितुंगच्याच मालात निळ्या रंगाने झिलईखाली रंगवलेल्या तीन अखंड थाळ्या मिळाल्या. त्या उत्तरेच्या हनान प्रांतातल्या. चौदाव्या शतकात चिंगतचन इथे जे निळं-पांढरं पोर्सेलिन जगप्रसिद्ध झालं, त्याच्या मुळाशी असलेली कल्पना, म्हणजे कुंचला, कच्ची माती आणि वरून काच, इथल्या कुंभारांनी पाचशे वर्षं आधी रोजच्या वापराच्या भांड्यांवर रुळवली होती.

आणि हे सारं कुणासाठी? अनोळखी माणसांसाठी. छांगशाची खापरं इराणच्या किनाऱ्यावर सिराफला सापडली, इराकमध्ये सामर्‍याला, श्रीलंकेत मांतईला, सिंधमध्ये बनभोरला. कुंभाराने आपलं गिऱ्हाईक कधी पाहिलं नाही. पण त्याला काय आवडेल याचा त्याने विचार केला. अरबी लिपी वाचता येत नसताना तिचं वळण वाडग्यात उतरवलं. बौद्धांसाठी कमळ आणि स्तूप काढले. आणि एका वाडग्यात मला आपला मकर भेटला: माशाचं अंग, वर वळलेलं नाक, उघडा जबडा, भोवती लाटा. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात गंगा ज्या मकरावर उभी आहे, तोच प्राणी बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये जाऊन मासा झाला आणि हूनानच्या एका वाडग्यात पोहू लागला. ज्या शतकाने वेरूळचं कैलास पुरं होताना पाहिलं, त्याच्या पुढच्याच शतकातला हा वाडगा. कुणी कुणाचं उसनं घेतलं यापेक्षा, एका कुंभाराला परक्या देशाचा प्राणी आपल्या हातचा वाटला, हे मला फार मोलाचं वाटतं.

व्यापार पुढे उतरणीला लागला. ८७८-७९च्या सुमारास हुआंग छाओच्या बंडात ग्वांगचौमध्ये परदेशी व्यापाऱ्यांची मोठी कत्तल झाली. तांग राजवटही फार टिकली नाही. दहाव्या शतकात छांगशाच्या भट्ट्या थंडावल्या. राहिल्या त्या गावातल्या टेकड्या, त्यांत दडलेली खापरं आणि समुद्रतळावर रांजणांत सुरक्षित असलेली चित्रं.

परतताना माझ्या मनात आपल्या किनाऱ्याचा विचार पक्का झाला. संजाणच्या उत्खननात पश्चिम आशियाई आणि चिनी भांड्यांची खापरं मिळाली आहेत. त्या काळी अरब ज्याला सैमूर म्हणत, त्या चौलला दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल्-मसूदी स्वतः येऊन गेला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातलं देखणं चिनी पोर्सेलिन आपण अभिमानाने पाहतो. पण किनाऱ्यावरची झिलईची तुटकी खापरं मात्र ‘नुसती खापरं’ म्हणून पडून राहतात, हौशी लोक ती उचलून खिशात घालतात आणि जागा सोडली की त्यांची साक्ष संपते. मला वाटतं, कोकणातल्या प्रत्येक जुन्या बंदराच्या शाळेत अशी एक फळी असावी, जिच्यावर त्या गावातल्याच मातीतून रीतसर नोंदून काढलेली झिलईची खापरं मांडलेली असतील आणि त्यांचा गावापर्यंतचा प्रवास मुलांना शिकवला जाईल. थोंगक्वानच्या कुंभाराने कधी न पाहिलेल्या माणसासाठी झिलईखाली रेघ जपून ठेवली. आपल्याकडे पोचलेल्या अशा रेघांची नीट नोंद ठेवणं, ही त्या कारागिराला द्यायची सर्वांत प्रामाणिक दाद आहे.